समाजमाध्यमाची पूर्ण आणि सुलभ आवृत्ती : निवडीचा भाषिक विचार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

• ‘हलके’, ‘सोपे’ आणि ‘तोकडे’ या तीन शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• फेसबुकच्या पूर्ण व सुलभ आवृत्तींचे स्वरूप आणि त्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल.
• देवनागरीत टंकलेला मजकूर आणि चित्ररूपातील मजकूर यांतील फरक उदाहरणासह मांडता येईल.
• आपल्या गरजेनुसार आवृत्तीची निवड करून त्या निवडीची कारणे सांगता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एका प्रसंगाची कल्पना करू. सालेकसा तालुक्यातील एका गावात राहणारी एक विद्यार्थिनी मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करीत आहे. घरात फोन एकच आहे. दिवसभर तो भावाबरोबर राइस मिलमध्ये असतो आणि सायंकाळी तिच्या हाती येतो. फोन जुना आहे, त्यातील जागा भरत आली आहे आणि पावसाळ्यात नेटवर्क जाते-येते. अभ्यासकेंद्राच्या फेसबुक गटावर परीक्षेची सूचना आली आहे, असे तिला मैत्रिणीकडून कळते. ती फेसबुकचे मुख्य ॲप उघडू पाहते, पण ते उघडण्याआधीच फोन अडखळतो. मैत्रीण सुचवते, ‘‘फेसबुक लाइट टाक नं.’’ त्यावर भाऊ म्हणतो, ‘‘ते तर गरिबाचं फेसबुक होय.’’

या दोन उद्गारांत या घटकाचा विषय आला आहे. मैत्रिणीचा उद्गार सोयीविषयी आहे. भावाचा उद्गार प्रतिष्ठेविषयी आहे. एकाच वस्तूची दोन रूपे समोर आली की त्यांतील एक ‘खरे’ आणि दुसरे ‘कमी प्रतीचे’ असे मानण्याकडे समाजाचा कल असतो. भाषेच्या अभ्यासकाला ही प्रवृत्ती नवी नाही. प्रमाणभाषा आणि बोली, मूळ ग्रंथ आणि त्याची संक्षिप्त आवृत्ती, नियमित महाविद्यालय आणि मुक्त विद्यापीठ अशा अनेक जोड्यांविषयी हेच बोलले जाते. त्यामुळे पूर्ण ॲप घ्यावे की सुलभ, हा वरवर तांत्रिक दिसणारा प्रश्न भाषाविचाराच्या कक्षेत येतो.

२. विषय-विवेचन

२.१ ‘हलके’ या शब्दाचे अर्थ

इंग्रजीत ‘लाइट’ या एकाच उच्चाराची दोन लेखने आहेत. एक प्रकाश किंवा कमी वजन या अर्थाचे, तर दुसरे बाजारातील वस्तूचे हलके रूप सुचविणारे. देवनागरीत लिहिताना हा भेद उरत नाही. मराठीत ‘लाइट’ म्हणजे दिवा, वीज आणि आता एखाद्या ॲपची छोटी आवृत्तीही. या नव्या अर्थासाठी मराठीत हलकी, साधी, सोपी, सुलभ, लहान अशी अनेक विशेषणे वापरली जातात. ती एकमेकांच्या जागी वापरली गेली तरी समानार्थी नाहीत.

त्यांतील ‘हलके’ हा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. ‘पेटी हलकी आहे’ या वाक्यात तो वजन सांगतो. ‘हलक्या प्रतीचे कापड’ या प्रयोगात तो निकृष्टता सांगतो. ‘हलक्या कानाचा’ या प्रयोगात तो स्वभावदोष दाखवतो. एका अर्थातून दुसऱ्या अर्थात आपण नकळत जातो. वजनाने कमी असलेली वस्तू गुणानेही कमी ठरते आणि असा घसरलेला अर्थ मग माणसालाही चिकटतो.

गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र याच शब्दाचा आणखी एक अर्थ परिचित आहे. ‘हलके धान’ आणि ‘भारी धान’ ही धानाच्या जातींची नावे आहेत. लवकर निसवणारे आणि लवकर कापणीला येणारे ते हलके धान. अधिक दिवस घेणारे ते भारी धान. कोकणात हाच भेद ‘हळवे’ आणि ‘गरवे’ या शब्दांनी दाखवतात. ज्या बांधीत पाणी फार दिवस टिकत नाही तेथे हलके धान लावतात. ज्या बांधीला पाण्याची खात्री आहे तेथे भारी धान लावतात. हलके धान लावणाऱ्याला कोणी हलका शेतकरी म्हणत नाही. बांधी आणि पाणी पाहून केलेली ती निवड असते. आवृत्तींच्या निवडीकडेही असेच पाहता येते.

या घटकात आपण तीन शब्द काटेकोरपणे वापरू. ज्याला कमी साधने लागतात ते ‘हलके’. जे समजण्यास कमी श्रम पडतात ते ‘सोपे’. ज्यातून आवश्यक तेच काढून टाकले आहे ते ‘तोकडे’. एखादी आवृत्ती हलकी असूनही सोपी नसेल. सोपी असूनही हलकी नसेल. ती तोकडी आहे की नाही, हे मात्र स्वतंत्रपणे तपासावे लागते.

२.२ फेसबुकच्या हलक्या आवृत्तींचा इतिहास

फेसबुकने आपल्या संकेतस्थळाची ‘लाइट’ नावाची आवृत्ती सर्वप्रथम सप्टेंबर २००९ मध्ये खुली केली. ज्या देशांत ती आरंभी उपलब्ध झाली त्यांत अमेरिकेबरोबर भारताचा समावेश होता. मुख्य पानावरील खेळ, जोडणी-कार्यक्रम आणि इतर गर्दी वगळून लेखन, छायाचित्रे आणि मित्रांच्या नोंदी एवढेच तिच्यात ठेवले होते. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. तिचे आयुष्य सात महिन्यांच्या आसपास होते.

मे २०१० मध्ये ‘फेसबुक झिरो’ ही सेवा आली. तिच्यात केवळ मजकूर दिसे आणि सहभागी दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहकांना त्यासाठी डेटाचे शुल्क पडत नसे. छायाचित्र पाहायचे असेल तर मात्र शुल्क लागे. २०११ मध्ये साध्या बटणांच्या फोनसाठी स्वतंत्र ॲप आले. त्यामागे ‘स्नॅप्टू’ या इस्रायली कंपनीचे तंत्र होते. ती कंपनी फेसबुकने त्याच वर्षी विकत घेतली होती. जून २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी ‘फेसबुक लाइट’ हे ॲप जाहीर झाले. त्या वेळी त्याचा आकार एक मेगाबाइटहूनही कमी होता आणि टू-जी जाळ्यावर चालेल अशीच त्याची रचना केली होती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांना मंगळवारी तासभर टू-जीच्या वेगाने ॲप वापरून पाहण्याची सोय दिली. मंद जाळ्यावरचा अनुभव कसा असतो, हे बनविणाऱ्यालाही कळावे, हा तिचा हेतू होता.

इतर कंपन्यांनीही हा मार्ग धरला. ‘ट्विटर लाइट’ एप्रिल २०१७ मध्ये आले. ‘यूट्यूब गो’ भारतात २०१६ मध्ये जाहीर झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बंद पडले. ‘मेसेंजर लाइट’ सप्टेंबर २०२३ मध्ये थांबविण्यात आले. हलक्या आवृत्तीचे आयुष्य बनविणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हे या तारखांवरून दिसते. एखादी आवृत्ती निवडताना हे वास्तव विसरू नये.

२.३ हलकेपणा कसा साधला जातो

ॲप हलके करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली म्हणजे वगळणे. काही सोयी कमी केल्या, हालणारी चित्रे काढली, व्हिडिओ आपोआप सुरू होणे थांबविले की ॲपचा भार उतरतो. दुसरी म्हणजे काम दुसरीकडे नेणे. पूर्ण ॲपमध्ये पान रचण्याचे बरेच काम आपल्या फोनला करावे लागते. फेसबुक लाइटमध्ये त्यातील मोठा भाग कंपनीचा सर्व्हर करतो. फोनच्या पडद्याला साजेल अशा लहान आकारात छायाचित्रे तेथेच बसवली जातात आणि तयार झालेले पान आपल्याकडे येते. म्हणून जुना फोनही ते पेलू शकतो.

या पद्धतीचा मराठीशी आलेला एक जुना संबंध येथे नमूद करण्यासारखा आहे. २०१० च्या सुमारास अनेक साध्या फोनांत देवनागरीचा फॉन्ट नव्हता. मराठी संकेतस्थळ उघडले तर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसत. ‘ऑपेरा मिनी’ या हलक्या ब्राउझरमध्ये क्लिष्ट लिप्यांसाठी चित्राक्षरे वापरण्याची सोय होती. ती सुरू केली की सर्व्हर देवनागरी अक्षरांची चित्रे करून पाठवी आणि त्या साध्या फोनवर मराठी वाचता येई. येथे हलक्या साधनाने मराठी वाचकासाठी अधिक काम केले. हलके साधन नेहमी कमीच देते, हे गृहीतक या उदाहरणापुढे टिकत नाही.

फेसबुकचे पूर्ण ॲप आणि लाइट ॲप यांत खाते एकच असते. मित्र, गट, जुन्या नोंदी त्याच असतात. एकच व्यक्ती सकाळी एक आणि सायंकाळी दुसरे ॲप वापरू शकते. दोन्ही एकाच फोनवर ठेवताही येतात. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर हे प्रयुक्तिभेदासारखे आहे. एकच वक्ता वर्गात एका प्रकारे आणि बाजारात दुसऱ्या प्रकारे बोलतो, म्हणून त्याची दोन व्यक्तिमत्त्वे होत नाहीत.

हलकेपणासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाइट आवृत्तीतही जाहिराती असतात आणि वापरकर्त्याविषयीची माहिती कंपनीकडे जातेच. ॲप लहान झाले म्हणजे खासगीपणा वाढला, असा अर्थ काढू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१) ‘हलके धान’ आणि ‘हलक्या प्रतीचे कापड’ या दोन प्रयोगांत ‘हलके’ या शब्दाचा अर्थ कसा बदलतो?
२) ॲप हलके करण्याच्या दोन पद्धती कोणत्या?

२.४ टंकलेला मजकूर आणि चित्ररूप मजकूर

आता प्रास्ताविकातील विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिने लाइट ॲप घेतले, गट उघडला आणि परीक्षेची सूचना तिला दिसली. पण ती सूचना टंकलेली नव्हती. छापील कागदाचा फोटो काढून तो गटावर टाकलेला होता. लाइट आवृत्तीत फोटो लहान होऊन आला. ओळी दिसल्या, पण अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हे पुसट झाली.

हा दोष आवृत्तीचा की सूचनेचा, याचे उत्तर देण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आंतरजालावर युनिकोड मजकूर साधारणतः ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने साठवला व पाठवला जातो. तीत रोमन लिपीच्या एका अक्षराला १ बाइट लागते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात स्वरचिन्हे आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत. त्याला ३० बाइट लागतात. तोच शब्द रोमन लिपीत ११ अक्षरांत आणि ११ बाइटमध्ये मावतो. म्हणजे या पद्धतीत मराठी मजकूर रोमन मजकुरापेक्षा जड आहे, हे खरे.

तरीही ६०० चिन्हांची एक मराठी सूचना १,८०० बाइटमध्ये, म्हणजे दोन किलोबाइटहून कमी जागेत बसते. त्याच सूचनेचा फोनने काढलेला फोटो काही शे किलोबाइट सहज घेतो. टंकलेली मराठी सूचना फोटोच्या तुलनेत शंभरपटीने हलकी असते. शिवाय ती शोधता येते, दुसरीकडे उतरवून घेता येते, अक्षर मोठे करून वाचता येते. अंध विद्यार्थ्याला फोन ती वाचूनही दाखवतो. फोटोतील मजकुराबाबत या गोष्टींची खात्री देता येत नाही.

मराठीत फोटो टाकण्याची सवय का रुजली, याचे कारण आपल्या टंकलेखनाच्या इतिहासात आहे. युनिकोड सर्वत्र येण्याआधी कार्यालये आणि छापखाने ज्या फॉन्टांत मजकूर टंकत, ते ज्या संगणकात बसवलेले असत तेथेच नीट दिसत. तसा मजकूर दुसरीकडे पाठवला की त्याची निरर्थक अक्षरे होत. कागद छापून त्याचे चित्र पाठविणे हाच तेव्हा खात्रीचा मार्ग होता. आज ती अडचण बहुतांशी दूर झाली आहे, सवय मात्र राहिली आहे.

पुसट झालेल्या चिन्हांचा अर्थावर परिणाम होतो, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. ‘खंत’मधील टिंब गेले की ‘खत’ उरते. ‘रंग’चा ‘रग’ होतो आणि ‘अंग’चे ‘अग’. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील फरक एका लहानशा रेषेवर उभा आहे. देवनागरीत अर्थभेद करणारी अनेक चिन्हे मुख्य अक्षराच्या वर किंवा खाली, आकाराने लहान असतात. चित्र लहान केले की प्रथम तीच हरवतात. म्हणून मराठीचा फोटो रोमन लिपीतील मजकुराच्या फोटोपेक्षा अधिक नाजूक असतो.

यावरून एक निष्कर्ष निघतो. वाचणाऱ्याने हलकी आवृत्ती निवडली असेल तर लिहिणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. गटावर सूचना टाकणाऱ्याने ती देवनागरीत टंकून टाकली तर पूर्ण आणि हलक्या आवृत्तीतील वाचकाला एकसारखीच पोहोचते. सही-शिक्क्याचा फोटो सोबत जोडावयास हरकत नाही. मूळ मजकूर मात्र अक्षरांत हवा. असे लिहिले गेले की ‘गरिबाचे फेसबुक’ आणि ‘श्रीमंताचे फेसबुक’ हा भेद निदान मजकुरापुरता मिटतो.

२.५ सोपे करण्याचे दोन मार्ग

आतापर्यंत आपण ‘हलके’ या शब्दाचा विचार केला. ‘सोपे’ ही निराळी गोष्ट आहे. इंग्रज विचारवंत सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ ही योजना मांडली. तीत ८५० शब्द निवडून तेवढ्यांत सर्वसाधारण व्यवहार करता यावा, अशी व्यवस्था होती. शिकणाऱ्याला पाठ करावयाचे शब्द त्यामुळे कमी झाले. पण नेमका शब्द उपलब्ध नसल्याने एक कल्पना सांगण्यास अनेक शब्द जोडावे लागत. शब्दसंग्रह हलका झाला, वाक्य मात्र लांबले. वगळल्याने एका ठिकाणचा भार दुसऱ्या ठिकाणी जातो, हे यात दिसते.

मराठीच्या इतिहासात सोपे करण्याचा दुसरा मार्ग आढळतो. संस्कृत जाणणाऱ्यांपुरती असलेली भगवद्गीता ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये मराठीत आणली. गीतेचे श्लोक ७०० आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० आहेत. सामान्य श्रोत्यासाठी केलेला हा ग्रंथ मुळापेक्षा कितीतरी मोठा झाला. सोपे करताना ज्ञानेश्वरांनी वगळले नाही. दृष्टान्त देऊन विस्तारले. ज्याच्यापाशी पूर्वज्ञान कमी आहे त्याला अधिक उलगडून सांगावे लागते, ही त्यामागील दृष्टी आहे.

समाजमाध्यमांच्या बाबतीत हा भेद लक्षात ठेवावा. लाइट ॲप फोनच्या दृष्टीने हलके असते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते सोपे असेलच असे नाही. एखाद्या मोठ्या सोयीचे नाव काढून तिथे केवळ खूण ठेवली तर जाणकाराला ते सुटसुटीत वाटते आणि नवख्याला अनोळखी. आजीला प्रथमच फेसबुक दाखवायचे असेल तर छोट्या खुणांपेक्षा मराठीत लिहिलेली मोठी सूचना तिला अधिक उपयोगी पडेल.

बोलीचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या भागात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत प्रमाण मराठीतील काही ध्वनी आढळत नाहीत. ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. ध्वनी कमी म्हणून झाडीबोली ही मराठीची ‘लाइट’ आवृत्ती ठरत नाही. आपल्या भाषकांच्या जगण्यातले सारे काही ती सांगू शकते. झाडीपट्टीची दंडार आणि नाटके तिने समर्थपणे पेलली आहेत. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ‘डायग्लॉसिया’ या संकल्पनेद्वारे दाखवून दिले की काही समाजांत एकाच भाषेच्या दोन रूपांना वेगवेगळी कामे वाटून दिलेली असतात आणि त्यांतील एकाला उच्च, दुसऱ्याला निम्न मानले जाते. ही उच्चनीचता भाषारूपांच्या रचनेत नसते. ती समाजाने केलेल्या वाटणीतून येते. ‘गरिबाचं फेसबुक’ या उद्गारातही अशीच वाटणी बोलत असते.

२.६ तोकडेपणाचे उदाहरण : फ्री बेसिक्स

मग प्रत्येक सुलभ आवृत्ती निर्दोष मानावी का? तसे नाही. महाराष्ट्रातीलच एक घटना याबाबत अभ्यासण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा भारतात सुरू केली. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवेच्या भाषांत मराठीही होती. या कंपनीच्या ग्राहकाला निवडक ३० हून अधिक संकेतस्थळे डेटाचे शुल्क न देता पाहता येत. त्यांत फेसबुक होतेच. सप्टेंबर २०१५ मध्ये या सेवेचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले.

सेवा फुकट होती, हलकी होती आणि मराठीतही होती. तरीही तिला देशभर विरोध झाला. आंतरजालावरील कोणती संकेतस्थळे विनाशुल्क दिसावीत, हे वाचक ठरवत नव्हता. एखाद्या वाचनालयाने गरीब सभासदाला फुकट प्रवेश द्यावा, पण एकच कपाट उघडे ठेवावे, असा हा प्रकार असल्याचे टीकाकारांचे म्हणणे होते. काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे बरे, असा समर्थकांचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी पोकळ नव्हता. ज्याच्यापाशी आंतरजाल मुळीच नाही त्याला एक कपाटही मोलाचे वाटू शकते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये या विषयावर जाहीर विचारविमर्श सुरू केला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुराच्या आधारे डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई करणारे विनियम काढले. उल्लंघन करणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंडाची तरतूद त्यांत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेसबुकने भारतातील ही सेवा मागे घेतली.

फेसबुक लाइट आणि फ्री बेसिक्स या दोहोंना बोलण्याच्या ओघात ‘साधी आवृत्ती’ म्हटले जाई. दोहोंतील फरक मोठा आहे. लाइटमध्ये एका संकेतस्थळाचा भार कमी होतो. त्याच डेटातून वापरकर्ता अन्यत्र कोठेही जाऊ शकतो. फ्री बेसिक्समध्ये विनाशुल्क जगाची सीमाच दुसऱ्याने आखली होती. पहिले हलके आहे, दुसरे आपल्या व्याख्येनुसार तोकडे होते. एकच विशेषण वापरल्यामुळे हा फरक झाकला गेला. म्हणूनच शब्दांचा काटेकोर वापर हा केवळ भाषेच्या परीक्षेपुरता विषय नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) मराठी मजकुराचा फोटो लहान केल्यास कोणती चिन्हे प्रथम पुसट होतात? का?
२) फेसबुक लाइट आणि फ्री बेसिक्स यांत कोणता मूलभूत फरक आहे?

२.७ निवड कशी करावी

सुलभ आवृत्तीची पारख करण्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात. काय वगळले आहे? कोणी वगळले आहे? आणि गरज पडली तर पूर्ण रूपाकडे जाण्याची वाट खुली आहे का? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली तर हलकी आवृत्ती निःसंकोच वापरावी.

प्रत्यक्ष व्यवहारात पुढील गोष्टींचा विचार करावा. फोन जुना असेल, त्यातील जागा कमी असेल किंवा गाव जंगलपट्ट्यात असून नेटवर्क क्षीण असेल तर लाइट आवृत्ती योग्य ठरते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर पुष्कळ उतरले. त्यामुळे आज निवडीचे कारण दरापेक्षा फोनची क्षमता आणि नेटवर्क हे अधिक असते. सूचना वाचणे, गटात उत्तर लिहिणे, संदेश पाहणे यांसाठी लाइट पुरेसे आहे. थेट प्रक्षेपण करणे, मोठे व्हिडिओ संपादित करणे किंवा संस्थेचे पान सांभाळणे यांसाठी पूर्ण आवृत्ती सोयीची पडते. फोन चांगला असून केवळ डेटा वाचवायचा असेल तर पूर्ण ॲपमध्येच व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करता येते. कोणतीही आवृत्ती घेताना ती अधिकृत ॲप-भांडारातूनच घ्यावी, कारण सारख्या नावाची बनावट ॲपेही असतात. घरातील फोन अनेकांच्या हाती जात असेल तर काम संपल्यावर खाते बंद करून ठेवावे.

ही कसोटी आपल्या अभ्यासालाही लावता येते. कादंबरी नेमलेली असताना तिचे गाइड वाचणे ही सुलभ आवृत्तीची निवडच आहे. गाइडने कथानक ठेवले आणि भाषा वगळली. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी तर भाषा हाच विषय. कादंबरी वाचनालयात आहे, म्हणजे वाट खुली आहे. पण त्या वाटेने आपण गेलो नाही तर आवृत्ती आपल्यापुरती तोकडीच राहते.

हे अध्ययन-पुस्तकही एका मोठ्या विषयाची सुलभ आवृत्ती आहे. नोकरी, शेती आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठाची कल्पना पुढे आली; महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. ‘मुक्तचा अभ्यासक्रम म्हणजे हलका’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. असे बोलणाऱ्याला ‘हलका’ या शब्दाचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे विचारण्याइतकी सामग्री आता तुमच्यापाशी आहे. वेळ आणि ठिकाण यांचे बंधन येथे उतरवले आहे. वाचन, लेखन आणि विचार यांचे श्रम उतरवलेले नाहीत. ते उतरवले तर मात्र टीका खरी ठरेल.

३. समारोप

पूर्ण आणि सुलभ या आवृत्तींत एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे आधीच ठरविता येत नाही. हलके, सोपे आणि तोकडे यांतील भेद ओळखून, काय वगळले, कोणी वगळले आणि परतीची वाट आहे का, हे पाहून निर्णय घ्यावा लागतो. मराठीच्या बाबतीत वाचकाच्या निवडीइतकीच लेखकाची निवड महत्त्वाची आहे. टंकलेला देवनागरी मजकूर कोणत्याही आवृत्तीत पोहोचतो. फोटोतील मजकूर पोहोचेलच असे नाही. प्रास्ताविकातील विद्यार्थिनीने लाइट ॲप घेतले यात तिला कमीपणा नाही. पाणी पाहून धान निवडणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे तिने आपली बांधी ओळखली. परीक्षेची तारीख तिला नीट वाचता आली की नाही, हे मात्र सूचना लिहिणाऱ्यावर अवलंबून होते.

महत्त्वाचे शब्द

प्रयुक्ती : विशिष्ट प्रसंगी किंवा व्यवहारात वापरले जाणारे भाषेचे रूप.
युनिकोड : जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय व्यवस्था.
बाइट : संगणकात माहिती मोजण्याचे एकक.
बांधी : धानाच्या शेतातील बांध घातलेला वाफा.

सरावासाठी स्वाध्याय

१) ‘सोपे करणे म्हणजे वगळणे’ या विधानाची ज्ञानेश्वरीच्या आधारे चर्चा करा.
२) प्रमाणभाषा व बोली यांविषयीच्या समजुती आणि ॲपच्या दोन आवृत्तींविषयीच्या समजुती यांतील साम्य सोदाहरण लिहा.
३) टिपा लिहा : अ) ‘हलके’ शब्दाच्या अर्थच्छटा, आ) फ्री बेसिक्स.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा अभ्यासकेंद्रातील समाजमाध्यम गटावर एका आठवड्यात आलेल्या सूचना पाहा. त्यांतील किती टंकलेल्या आणि किती फोटोच्या रूपात आहेत, याची नोंद करा. फोटोतील एक सूचना देवनागरीत टंकून गटावर टाका आणि जुना फोन वापरणाऱ्या एका सदस्याला दोन्ही रूपे वाचावयास सांगा. त्याला कोणते शब्द फोटोत वाचता आले नाहीत, याचा एका पानाचा अहवाल लिहा.